मला जडलेला रोग

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेच्या आवारात मराठी बोलताना सापडलं की एक रुपया दंड असायचा, आणि तो सगळ्यात जास्त मीच भरला असेन. तरीही माझे ऱ्हस्व-दीर्घ अजून देवाच्या भरवशावर चालतात. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागात माझं नाव बघून माझ्याच रूम पार्टनरला हसू आवरेना. खरं सांगायचं तर इंग्लिश विभागाची पानं भरली होती. पण दुसरंही एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

तर रोगाबद्दल. सेकंड इयरला असताना एका रात्री पप्पांचा फोन आला.

"एवढ्या रात्री जागून काय करतोस?"

"काही नाही पप्पा, रोगलाइक खेळतोय."

पलीकडे शांतता. मग काळजीचा आवाज : "कोणता रोग?"

आमची रावेरकडे केळीची बाग आहे. आमच्या घरात 'रोग' म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात, करपा नाहीतर सीएमव्ही! पप्पांना समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. 'रोग' हा इंग्लिश शब्द आहे, त्याचा अर्थ बदमाश, भटक्या, आणि हे एका प्रकारच्या व्हिडिओ गेम्सचं नाव आहे. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे रोगच."

मित्रांनो, पप्पांचं म्हणणं किती बरोबर होतं ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास. घाबरू नका, व्हायव्हाला येणार नाही.

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसमध्ये मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन नावाचे दोन विद्यार्थी होते. तुमच्या-माझ्यासारखेच. त्यांना कॉम्प्युटरवरचे गेम्स आवडायचे, पण तेव्हाचे साहसी गेम्स एकदा सुटले की संपले, कारण दुसऱ्यांदा खेळताना कुठे काय आहे ते पाठ झालेलं असायचं. म्हणून त्यांनी असा गेम लिहिला की ज्याचा नकाशा दर वेळी नवीन तयार होईल, म्हणजे लिहिणाऱ्यालाही स्वतःचा गेम खेळताना मजा येईल. त्याचं नाव 'रोग'. पुढे बर्कलीचा केन अरनॉल्ड त्यांना मिळाला आणि बर्कलीच्या युनिक्सबरोबर हा गेम विद्यापीठा-विद्यापीठांत पसरला. ग्राफिक्स नावाची चीज नव्हती. ई-मेलमध्ये असतं ते 'ॲट द रेट'चं चिन्ह म्हणजे तुम्ही, आणि ए ते झेड ही २६ कॅपिटल अक्षरं म्हणजे २६ राक्षस. भुयारात खाली-खाली जायचं, तळातून येंडोरचा ताईत घ्यायचा आणि परत वर यायचं. बस्स!

पण खरी गंमत नियमात होती. मेलात की मेलात. सेव्ह केलेली फाइल पुन्हा उघडली की पुसली जायची, म्हणजे मागे जाऊन चूक सुधारायची सोय नाही. पुन्हा पहिल्या मजल्यावरून, नवीन नकाशात, रिकाम्या हातांनी सुरुवात. 'रोगसारखे' ते रोगलाइक. नकाशा वेगळा, तलवार गेली, पैसे गेले... मागच्या खेळातून पुढच्या खेळात एकच गोष्ट येते, ती म्हणजे तुम्ही काय शिकलात.

अशा एका खेळाला 'रन' म्हणतात. (पप्पांना हेही क्रिकेटचंच वाटलं होतं.)

आता माझं काय झालं ते ऐका. सेकंड इयरच्या पहिल्या सेमची पीएल लागली. हॉस्टेल शांत, मेसमध्ये रोज तीच बटाट्याची भाजी, आणि समोर एम-थ्री. त्याच आठवड्यात रूम पार्टनरने मोबाइलवर एक गेम दाखवला : 'बलाट्रो'. (रेक्टर सर, पुढचा भाग वाचला नाहीत तरी चालेल.)

बलाट्रो हा २०२४ च्या फेब्रुवारीत आलेला पत्त्यांचा गेम आहे. कॅनडातल्या एकाच माणसाने तो बनवला. तो स्वतःचं खरं नाव सांगत नाही, 'लोकलथंक' या टोपणनावाने काम करतो. पहिल्या महिन्यातच दहा लाख प्रती खपल्या. यात पोकरचे हात आहेत, पण खऱ्या पैशांचा जुगार अजिबात नाही. पोकर येत नसेल तरी बिघडत नाही, मलाही येत नव्हतं.

हिशोब असा. प्रत्येक हाताला 'चिप्स' आणि 'मल्ट' असे दोन आकडे असतात, आणि त्यांचा गुणाकार म्हणजे तुमचे गुण. समजा तुम्ही दोन राजांची जोडी टाकलीत. जोडीचे मूळ १० चिप्स, दोन राजांचे १०-१०, म्हणजे ३०. जोडीचा मल्ट २. तीस गुणिले दोन, साठ. पहिलं टार्गेट असतं ३०० आणि हात असतात चार. म्हणजे नुसत्या जोड्यांनी भागत नाही. इथे जोकर येतात. गेममध्ये १५० प्रकारचे जोकर आहेत. सगळ्यात साधा जोकर मल्टमध्ये ४ वाढवतो. झाले ३० गुणिले ६, म्हणजे १८०. दुसरा एक जोकर मल्टला ३ ने गुणतो. दोन्ही असतील तर? जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. आधी बेरीज, मग गुणाकार केलात तर मल्ट १८, गुण ५४०. उलटे लावलेत तर मल्ट १०, गुण ३००. पत्ते तेच, जोकर तेच, फक्त क्रम वेगळा! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी पलंगावर उठून बसलो होतो. आणि हे टार्गेट ३०० वर थांबत नाही, आठव्या टप्प्यातल्या बॉसपाशी ते बहुतेकदा एक लाखावर जातं.

आता केळीवाल्याच्या पोराला हा गेम का चावला ते सांगतो. त्यात एक जोकर आहे, 'ग्रो मिशेल'. चित्र केळ्याचं! तो मल्टमध्ये थेट १५ वाढवतो. सुरुवातीला ही लॉटरीच. पण दर फेरीच्या शेवटी तो नष्ट होण्याची शक्यता सहात एक. आणि तो एकदा नष्ट झाला की मगच दुकानात दुसरा जोकर यायला लागतो, 'कॅव्हेंडिश'. मल्टला ३ ने गुणणारा तो हाच. त्याची नष्ट होण्याची शक्यता हजारात एक.

हे लोकलथंकने उगाच केलेलं नाही. ग्रो मिशेल ही खरी केळीची जात. १९५० च्या दशकापर्यंत जगाच्या व्यापारात तिचंच राज्य होतं. मग पनामा रोगाने तिच्या बागाच्या बागा संपवल्या आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आज आमच्या जळगाव जिल्ह्यात जिला सगळे 'जी-नाईन' म्हणतात, ती ग्रँड नैन कॅव्हेंडिश कुळातलीच. म्हणजे माझ्या कॉलेजच्या फिया ज्या पिकातून भरल्या जातात, तेच पीक त्या गेममध्ये जोकर होऊन बसलं होतं!

सहात एक म्हणजे कमी वाटतं ना? मलाही वाटायचं. 'आणखी एक फेरी टिकेल' असं म्हणत मी सगळा डाव त्याच्यावर उभा करायचो. पण हिशोब करा : चार फेऱ्या टिकण्याची शक्यता पाच-षष्ठांशचा चौथा घात, म्हणजे साधारण ४८ टक्के. अर्ध्याहून कमी! हे गणित एम-थ्रीच्या प्रोबॅबिलिटीच्या युनिटमध्ये आहे. ते पुस्तक माझ्या उशीखाली होतं आणि मी उशीवर झोपून ग्रो मिशेलवर बोली लावत होतो.

रोज रात्री 'शेवटचा एक रन' म्हणता म्हणता पहाटेचे तीन वाजायचे. निकाल लागला. एम-थ्रीत ३१. केटी.

असो. लेखाचं निमित्त शिफारशीचं आहे, त्यामुळे आधी बाकीचे गेम्स सांगून टाकतो, मग माझ्या केटीकडे वळू.

ज्यांच्याकडे एक रुपयाही खर्चायचा नाही त्यांनी 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' घ्यावा. ॲन्ड्रॉइडवर फुकट, आणि ओपन सोर्स, म्हणजे सोर्स कोडही वाचता येतो. मूळ 'रोग'चा हा थेट वंशज, इथेही तळातून येंडोरचाच ताईत आणायचा आहे. एकेक पाऊल टाकायचं, तुम्ही हललात तरच राक्षस हलतो. त्यामुळे मेसच्या रांगेत उभ्याने खेळता येतो. औषधांच्या बाटल्यांचे रंग दर रनला बदलतात, मागच्या वेळी लाल बाटलीने वाचवलं म्हणून यावेळी प्यायलात तर पेट घ्याल. जुन्या पेपरांची उत्तरं पाठ करणाऱ्यांनी जरूर खेळावा!

'स्ले द स्पायर' २०१९ चा, म्हणजे नवा नाही, पण हे सगळं पत्त्यांचं वेड तिथूनच वाढलं. दोन जणांनी बनवला, तोही जावामध्ये. (कोण म्हणतं जावाच्या प्रॅक्टिकल्सचा उपयोग नाही?) प्रत्येक लढाईनंतर तीन पत्त्यांपैकी एक घ्यायची संधी मिळते. नवा खेळाडू प्रत्येक वेळी घेतो, आणि त्याची गड्डी इतकी फुगते की हवा तो पत्ता वेळेवर हातातच येत नाही. 'नको' म्हणायला शिकायला मला चाळीस रन लागले. दिसेल त्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घालणाऱ्यांसाठी उत्तम.

'ब्लू प्रिन्स' २०२५ च्या एप्रिलमध्ये आला. यात मारामारीच नाही. चुलत आजोबांनी... की मामेआजोबांनी... इंग्लिशमध्ये 'ग्रँड-अंकल' म्हटलं की हाच घोळ होतो! तर कुणीतरी वडीलधाऱ्या माणसाने मृत्युपत्रात तुमच्या नावे ४५ खोल्यांचा वाडा ठेवला आहे, अट एकच, ४६ वी खोली शोधा. प्रत्येक दाराशी तीन खोल्यांचे नकाशे समोर येतात, एक निवडायची, ती तिथे तयार होते. दिवसाला मोजकी पावलं. पावलं संपली की दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवशी वाडा पुन्हा रिकामा. वाड्यातून जवळजवळ काहीच बरोबर येत नाही, फक्त तुम्ही वहीत लिहिलेल्या खुणा. हो, वही-पेन घेऊनच बसावं लागतं. माझी वही जर्नलपेक्षा व्यवस्थित आहे.

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये दम आहे त्यांनी 'हेडीस टू' बघावा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण स्वरूपात आला. ग्रीक पाताळातली राजकन्या, प्रत्येक मरणानंतर आपल्या तळावर परत येते. तिथली माणसं तिच्याशी पुढचं बोलतात, म्हणजे हरल्याशिवाय गोष्ट पूर्ण कळतच नाही. यात मेल्यावरही थोडीफार ताकद शिल्लक राहते. जुने पंडित याला खरं रोगलाइक मानत नाहीत, 'रोगलाइट' म्हणतात. आपण त्या वादात पडू नये.

'केव्ह्ज ऑफ कुड' फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुप्सना अर्पण! २००७ मध्ये काम सुरू झालं, पूर्ण आवृत्ती आली २०२४ च्या डिसेंबरमध्ये. पुढच्या वेळी गाइडने 'अजून झालं नाही का?' विचारलं तर हे उदाहरण द्या. (जबाबदारी माझी नाही.)

आणि एक धोक्याची सूचना : 'व्हँपायर सर्व्हायव्हर्स', २०२२. एक रन साधारण तीस मिनिटांचा, शिकायला दोन मिनिटं, फक्त इकडून तिकडे पळायचं, शस्त्रं आपोआप चालतात. गेम छान आहे. पीएलमध्ये इन्स्टॉल करू नका. का ते विचारू नका.

आता केटीकडे. निकाल फेब्रुवारीत लागला. घरी मी सांगितलं नाही. 'निकाल लांबलाय' म्हटलं, मग 'सगळं ठीक आहे' म्हटलं. आई दर रविवारी विचारायची, मी विषय बदलायचो. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं, आणि पुढे कुणी विचारेनासं होतं तेव्हा जास्त त्रास होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री अकराला पप्पांचा फोन आला. "वादळ आलं. बाग पडली." एवढंच. मी सकाळची गाडी पकडून भुसावळला उतरलो आणि तिथून एसटीने घरी.

पडलेली केळीची बाग ज्यांनी पाहिली नाही त्यांना कसं सांगू? तीन हजार खोडं होती. घड भरलेले, कापणीला तीन आठवडे राहिलेले. सगळ्या ओळी एकाच दिशेला आडव्या, कुणीतरी भांग पाडल्यासारख्या. पप्पा चिखलात ओळी-ओळींतून फिरत होते आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, पंचनाम्यासाठी नुकसान मोजतायत. तेही होतंच. पण त्यांनी दाखवलं, बागेच्या पूर्वेला शेवरीचं कुंपण दाट होतं, त्या आडोशाच्या बऱ्याच ओळी उभ्या राहिल्या होत्या. पश्चिमेला त्यांनी त्या वर्षी शेवरी विरळ ठेवली होती. "माझी चूक," ते म्हणाले. बाग पडून बारा तास झाले नव्हते आणि हा माणूस कोणती ओळ का पडली ते लिहून ठेवत होता.

रात्री जेवणं झाल्यावर मी केटीचं सांगितलं.

"किती कमी पडले?"

"नऊ."

"कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाग पडली ते मी तुला त्याच रात्री सांगितलं."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आई भांडी घासायचं थांबून दारात उभी होती, तीही काही बोलली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पेपर आहे का तो?" होता. परीक्षेच्या दिवसापासून बॅगेच्या तळाशी घडी घालून पडलेला, मी एकदाही उघडला नव्हता. पप्पा बारावी शिकलेले, त्यातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं. तरी त्यांनी चष्मा लावला आणि एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारायला लागले, "हा आला होता? हा? हा का नाही आला?" जसे सकाळी ओळींतून फिरले तसेच. अर्ध्या तासात निघालेला निष्कर्ष असा : एक युनिट मी उघडलंच नव्हतं, आणि प्रोबॅबिलिटीचा प्रश्न सोपा समजून शेवटी ठेवला होता, तो लिहायला वेळच उरला नाही.

तेव्हा मला माझ्या खेळाबद्दल एक गोष्ट कळली. रोगलाइकमध्ये हरल्यावर समोर दोन गोष्टी येतात : तुम्ही कसे हरलात याचा हिशोब, आणि 'नवा रन' हे बटण. मी शेकडो रन खेळलो, पण तो हिशोब क्वचितच वाचला. हरल्याचं दुःख दिसू नये म्हणून दोन सेकंदांत बटण दाबायचो. केटीचंही तेच केलं होतं. परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरून मोकळा झालो होतो, पेपर उघडून बघितला नव्हता. गेम शिकवत होता, पण मी शिकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी पप्पांना मोबाइलवर ग्रो मिशेल दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा संपल्यावर कॅव्हेंडिश येते? बरोबर दाखवलंय." मग मोबाइल परत देताना म्हणाले, "पण तुझ्या खेळात पुन्हा सुरू करायला रोपं विकत घ्यावी लागत नाहीत."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. म्हणून 'आयुष्य म्हणजे एक रोगलाइक आहे' असलं वाक्य मी या लेखात लिहिणार नाही. गेममधलं मरण फुकट असतं, म्हणून तर तिथे हरायला शिकणं सोपं. बाहेर प्रत्येक रनची किंमत कुणीतरी मोजतं, आणि आपल्या वयात ती बहुतेक वेळा आपण मोजत नाही.

जूनच्या शेवटी मी एम-थ्री पुन्हा दिला. ५४ पडले. सुटलो.

गेम्स मी सोडलेले नाहीत. फक्त एक नियम केलाय, तो तुम्हालाही सांगतो. हरलो की नवा रन सुरू करण्याआधी जर्नलच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायची : कशामुळे हरलो. 'बॉस काय करतो ते न वाचता हात टाकला.' 'पैसे साठवायचे सोडून सगळे उडवले.' ही ओळ लिहायला एक मिनिट लागतं, आणि त्या एका मिनिटात निम्म्या वेळा लक्षात येतं की दोन वाजलेत, झोपायला हवं. त्याच पानावर खाली या सेमचे टेस्टचे मार्कही आहेत. तिथेही एकेक ओळ आहे.

आता ते दुसरं कारण. आपला अंक दरवर्षी घरी नेतो तेव्हा पप्पा त्यातला फक्त मराठी विभाग वाचतात, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. म्हणून हे मराठीत.

पप्पा, पश्चिमेची शेवरी आता खांद्याला लागत असेल. या सेमचा निकाल लागेल तेव्हा जो काही असेल तो, त्याच रात्री फोन करतो.